भाव वाढला, म्हणूनच विकायचं नाही

मुळशी तालुक्यात दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य गुंठ्याच्या भावाचं असतं. भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे, घोटावडे, माण, मारुंजी, कोणतंही गाव घ्या. रस्त्याला लागून जागा आहे म्हटलं की एजंट दारात उभा. भातखाचरं गेली, खळी गेली, गायरानांवर डोळा आहे. आता नजर गावठाणातल्या सार्वजनिक जागांवर आली आहे, आणि त्यांत सगळ्यांत बिनआवाजी जागा वाचनालयाची. देवळाच्या जागेला हात लावायची कोणाची छाती नाही. तालमीची जागा मागायला जाल तर पोरं आडवी येतील. शाळेमागे पालक असतात. वाचनालयामागे कोण? सकाळी पेपर वाचायला येणारे चार ज्येष्ठ, नाममात्र पैशांवर राबणारा ग्रंथपाल आणि एक कार्यकारी मंडळ. त्या मंडळाची सभा गणसंख्येअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, तेवढ्याच माणसांत पुन्हा भरते.

अशाच एखाद्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' म्हणून विक्रीचा विषय येतो. इमारत जुनी झाली, वाचक घटले, अनुदान पुरत नाही, जागेला भाव चांगला येतोय, सबब... त्या 'सबब'पुढचं वाक्य इतिवृत्तात लिहिलं जाऊ नये, एवढ्यासाठी आजचं सदर.

भावापासूनच सुरू करतो, कारण सगळ्या बोलण्याच्या मुळाशी तोच आहे. भाव वाढला म्हणून विकू या, असं सांगतात. मला तेच न विकण्याचं सगळ्यांत मोठं कारण दिसतं. आजच्या भावाने विकलेली जागा उद्या गावाला परत घेता येईल का? पाच गुंठे सोडा, एक गुंठा तरी? आपल्या वाडवडिलांना हे जमलं, कारण तेव्हा जमीन स्वस्त होती आणि माणसं उदार होती. कोणी बक्षीसपत्र करून दिली, कोणी वर्गणी काढली, कोणी श्रमदानाने भिंती उभ्या केल्या. आता गाव वर्गणी काढून रस्त्यालगतची जागा घेऊ शकत नाही, हे विकायला निघालेल्यांनाही ठाऊक आहे. म्हणजे ही विक्री एकदाच होणार आणि कायमची होणार. आलेले पैसे बँकेत ठेवू, व्याजावर वाचनालय चालवू, असं म्हणतात. कुठे चालवणार? भाड्याच्या खोलीत. भाडं दरवर्षी वाढणार, व्याज नाही. काही वर्षांत मुद्दलाला हात लागेल आणि मग पुस्तकं कुणाच्या तरी माळ्यावर जातील. पेरणीचं बियाणं दळून भाकरी करायची, तसला हा हिशेब आहे.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. कार्यकारी मंडळ हे मालक नव्हे. आपल्याकडची बहुतेक वाचनालयं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असतात. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम 36 प्रत्येक सभासदाने एकदा वाचावं. न्यासाची स्थावर मिळकत विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तरीही लागते. आणि ती परवानगी देताना बघायचं असतं न्यासाचं हित, लाभ आणि संरक्षण. ठराव एकमताने झाला म्हणून विक्री कायदेशीर होत नाही. खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून मिळवलेली परवानगी मागे घेता येते, हेही त्याच कलमात आहे.

वाचनालय ग्रामपंचायतीच्या जागेत असेल तर वाट वेगळी, पण मोकळी तीही नाही. पंचायतीला आपली स्थावर मिळकत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. शिवाय 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीच्या कामांची जी अनुसूची आहे, तिच्यात ग्रंथालयं आणि वाचनालयं काढणं व ती नीट राखणं हे काम लिहिलेलं आहे. जे राखायचं काम कायद्याने अंगावर टाकलं आहे, तेच विकायला काढायचं, हे कोणत्या तोंडाने?

जमीन हातची गेली की काय होतं, हे मुळशीला बाहेरून येऊन कोणी शिकवायला नको. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचं धरण उभं राहत होतं. मुंबईला वीज हवी होती आणि त्यासाठी मुळशी पेट्यातली पन्नासवर गावं धोक्यात आली होती. त्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बाया, पोरं, म्हातारी माणसं, सगळी. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही माणसं त्यांच्या पुढे उभी राहिली. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा. 1924 पर्यंत लढा चालला, बापट तुरुंगात गेले, धरण झालं.

त्या लढ्यातली एक गोष्ट आज मुद्दाम आठवायला हवी. पेट्यातल्या पुष्कळ जमिनी तोवर गहाण पडून कागदावर पुण्याच्या सावकारांच्या झाल्या होत्या. सावकारांना चांगला मोबदला हवा होता, कसणाऱ्यांना जमीन हवी होती. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यात हा पेच नीट उलगडून दाखवला आहे. ज्याचं नाव कागदावर, त्याने पैसे घेऊन विषय मिटवला. जो त्या मातीवर जगत होता, तो उठून परागंदा झाला. वाचनालयाच्या विक्रीत नेमकं हेच घडतं. कागदावर नाव विश्वस्तांचं आणि जगणं तिथे येणाऱ्या पोरांचं. ठरावावर सही करणाऱ्याचं काही जात नाही. त्याच्या घरी पुस्तकं आहेत, गाडी आहे, पुण्याला जायला पैसे आहेत. जातं ते पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या धनगरवस्तीतल्या पोराचं, दुपारी तासभर मोकळी होणाऱ्या सुनेचं, निवृत्त मास्तरांचं. यांतल्या एकालाही त्या सभेचं निमंत्रण नसतं.

भुस्कुट्यांनी मुळशी सत्याग्रहाचा इतिहास स्वतः लिहून ठेवला आहे. तसली जुनी पुस्तकं मॉलमधल्या दुकानात मांडलेली नसतात. ती वाचनालयाच्या कपाटात, पुठ्ठा घालून, शिक्का मारून जपलेली असतात. तालुक्याची आठवण तालुक्यात ठेवायची जागा तीच आहे. ती विकलीत तर पुढच्या पिढीला आपण कोणत्या लढ्याचे वारस आहोत हे वाचायलाही पुण्याची बस पकडावी लागेल.

'हल्ली वाचतं कोण?' हे वाक्य मला संताप आणतं. वाचत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांत वाचनालयाचा उंबरठा ओलांडला आहे का, ते आधी सांगावं. मग कारणं बघू. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत आणि त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. खेड्यातली बरीचशी ड वर्गात. या वर्गाचं अनुदान वर्षानुवर्षं 30 हजार रुपये होतं. महिन्याला नव्हे, वर्षाला. नंतर 60 टक्के वाढ झाली, तेव्हा ते 48 हजारांवर आलं. त्यातला निम्मा भाग वेतनाचा. भागाकार करा: त्या वाढीनंतरही ग्रंथपालाच्या हातात आले महिन्याला दोन हजार रुपये. उरलेल्या निम्म्यात वीजबिल, वर्तमानपत्रं, मासिकं, दुरुस्ती आणि नवी पुस्तकं. एवढ्या पैशांत जे दार रोज उघडतं, तिथला माणूस आपल्या खिशातून गावाला काहीतरी देत असतो. त्याला दोन हजार द्यायचे, दिवे दोन तासच लावायचे, नवं पुस्तक घ्यायचं नाही, संगणक बंद पडला तो बंदच ठेवायचा, आणि मग वाचक येत नाहीत म्हणून टाळं लावायचं? हे उपाशी ठेवून मारणं आहे. याला वाचकांची अनास्था म्हणू नका.

आणि वाचक खरंच नाहीत का? लोकसेवा आयोग, तलाठी, पोलीस भरती, बँक यांच्या परीक्षांसाठी पुण्याच्या पेठांतल्या खासगी अभ्यासिका भरलेल्या असतात. तिथे खुर्चीला महिन्याचे पैसे मोजून बसणाऱ्यांत गावाकडची पोरं किती असतात, ते जाऊन पाहा. या पोरांना काय हवं असतं? एक टेबल, एक दिवा, शांतता आणि रात्री दहापर्यंत उघडं दार. दोन खोल्यांच्या घरात, जिथे टीव्ही चालू असतो आणि लहान भावंडं रडत असतात, तिथे या चार गोष्टी मिळत नाहीत. मोबाइलवर सगळं मिळतं म्हणणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा स्वतंत्र खोली असते. मुलींचं तर आणखी वेगळं. गावात मुलीला एकटीने तासभर बसता येईल, कोणी 'इथे काय करतेस' असं विचारणार नाही, अशा जागा किती आहेत? देऊळ आणि वाचनालय. देवळात अभ्यास करता येत नाही.

आता त्या गोड आश्वासनाकडे येऊ, ज्याने भली भली माणसं विरघळतात: 'जुनी इमारत पाडून बिल्डर नवी बांधेल, त्यात तळमजल्यावर वाचनालयाला चकचकीत जागा मिळेल.' न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ऐन मध्यात डॉनेल नावाची ग्रंथालयाची शाखा होती. 2007 साली ती 59 दशलक्ष डॉलरला एका हॉटेल कंपनीला विकायचं ठरलं. वर हॉटेल, खाली नवं ग्रंथालय, असा वायदा होता. 2008 साली शाखा बंद झाली. तेवढ्यात मंदी आली, व्यवहार रखडला, जागा दुसऱ्याकडे गेली. नवं ग्रंथालय उघडायला 2016 उजाडलं. आठ वर्षं त्या जागी ग्रंथालय नव्हतं. आणि मिळालं काय? आधीच्या जागेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, तेही बरंचसं जमिनीखाली. अख्ख्या जगाचं लक्ष असलेल्या, पत्रकारांनी आणि वकिलांनी भरलेल्या शहरात हे झालं. पौड रस्त्यावरच्या विकसन करारातलं आश्वासन तपासायला कोण बसलं आहे?

लंडनमधल्या केन्सल राइज वाचनालयाची जमीन ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजने वाचनालयासाठी म्हणून दिलेली होती. 1900 साली खुद्द मार्क ट्वेनने त्याचं उद्घाटन केलं होतं. 2011 साली तिथल्या नगर परिषदेने काटकसर म्हणून ते बंद केलं आणि पुढे इमारत विकासकाकडे गेली. लोक हटले नाहीत. त्यांनी रस्त्यावर पुस्तकं मांडली, न्यायालयात गेले, वर्षानुवर्षं झगडले, आणि शेवटी इमारतीचा एक भाग वाचनालयासाठी परत मिळवला. लक्षात घ्या, एवढं लढूनही एक भागच मिळाला.

आपल्याकडेही उदाहरण आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही 1898 ची संस्था. मुंबईतल्या मराठी वस्त्यांमधून तिच्या शाखा पसरल्या होत्या. चाळीतला माणूस चालत जाऊन पुस्तक बदलून आणायचा. त्यांतल्या कित्येक शाखा एकेक करून बंद पडल्या आणि दादरच्या जागेच्या पुनर्विकासावरून सभासदांना आवाज उठवावा लागला. एवढी नावाजलेली संस्था, एवढे जागरूक सभासद, तरी ही वेळ येते. उलट रत्नागिरीचं 1828 सालचं वाचनालय, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं 1848 चं नगर वाचन मंदिर आज उभी आहेत. दीड-दोन शतकांत सरकारं बदलली, राज्यं बदलली, ही दारं उघडीच राहिली.

पैसा नाही, हे मात्र खरं आहे, आणि त्याचं उत्तर विरोध करणाऱ्यांनी द्यायला हवं. देतो. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला तेव्हा त्यात ग्रंथालय उपकर ठेवला नाही. तामिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत मालमत्ता करासोबत ग्रंथालयासाठी थोडा कर घेतला जातो. आपल्याकडे अनुदान हे सरकारच्या मर्जीवर. हिंजवडी, माण, मारुंजीच्या इमारतींच्या घरपट्टीवर रुपयामागे काही पैसे उपकर लावला, तर या तालुक्यातल्या एकाही वाचनालयाला भीक मागावी लागणार नाही. ही मागणी आपल्या आमदारांकडे कोणी केली आहे का? कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत दुसरी वाट आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क आपल्याच तालुक्यात आहे. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि कोणत्या कामांवर ते चालतात याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. वाचनालयाच्या दारापासून पंधरा-वीस किलोमीटरवर जगातल्या नामांकित कंपन्यांची कार्यालयं आहेत. एका तरी मंडळाने त्यांच्याकडे लेखी प्रस्ताव नेला असेल, तर मी त्यांच्यापुढे हात जोडतो. नेला नसेल, तर सगळे उपाय थकले असं सभेत म्हणू नका. याशिवाय कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून पुस्तकांसाठी आणि इमारतीसाठी मदत देत आलं आहे. अर्ज करावा लागतो, कागद जमवावे लागतात. विक्रीच्या कागदांपेक्षा ते कमीच असतात.

सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून बडोदा संस्थानात खेडोपाडी वाचनालयं काढली. गावाने आपला वाटा उभा केला की संस्थान आपला घालायचं. त्या काळात गावं आपला वाटा उचलत होती. आजची मुळशी त्या गावांहून गरीब आहे, असं छातीठोकपणे कोण म्हणेल? ज्या गावात लग्नाच्या मांडवाला लाखो रुपये लागतात, तिथे कपाटाला दहा हजार निघत नाहीत, याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

एक इशारा वेगळाच. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावं जून 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली. ग्रामपंचायत गेली की तिच्या मिळकतीही महापालिकेकडे जातात आणि कोणती खोली कशासाठी होती, हे सांगणारा माणूस टेबलामागे राहत नाही. ज्या गावांवर पुढची पाळी येऊ शकते, त्यांनी आताच नमुना 8 वर वाचनालयाच्या खोलीची नोंद तपासावी, ग्रामसभेत वापराचा ठराव करून घ्यावा. नंतर धावपळ करून हाती काही लागत नाही.

न्यासाच्या वाचनालयांसाठी काम आणखी सोपं आहे. पुण्याच्या धर्मादाय कार्यालयातून आपल्या वाचनालयाच्या परिशिष्ट एकचा उतारा काढा. त्यात विश्वस्तांची नावं आणि मिळकती लिहिलेल्या असतात. मृत विश्वस्तांची नावं तशीच असतील, तर ते पहिलं विचारा. जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा, बक्षीसपत्र शोधा, देणाऱ्याने कोणत्या अटीवर दिलं ते वाचा. सभासद नसाल तर या आठवड्यात व्हा. वर्गणी एका वेळच्या चहा-वड्याहून फारशी जास्त नसते. मिळकत विकायची असेल तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. ती छोट्या अक्षरांत, आतल्या पानावर असते, म्हणून रोज बघा आणि आक्षेप लेखी द्या, पोच घ्या. आणि 'आयत्या वेळचे विषय' म्हणून विक्री पुढे आली, तर अध्यक्षांना म्हणा, अण्णा, हा विषय विषयपत्रिकेवर नव्हता, आज तो घेता येणार नाही. तरीही घेतला, तर आपला विरोध नावासह इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या सभेत ते इतिवृत्त सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायला लावा.